सत्तेचाळीस नंबरचा शर्ट

"मग? आता कोण निघाला खुनी?" ग्रंथालयातल्या बाईंनी पुस्तकावर शिक्का मारता मारता विचारलं.

"अजून वाचलं कुठे? पण मेलेलाच कुणीतरी निघेल," सुईबाई म्हणाली. "जिवंत माणूस कोर्टात खेचतो ना."

पुलाखालच्या खुनावरचं हे सहावं पुस्तक. चाळीस वर्षांपूर्वी नाट्यगृहात तिकिटं विकणारी एक तरुण मुलगी पुलाखाली मरून पडलेली सापडली आणि मारणारा सापडला नाही. तेवढंच खरं. पहिल्या पुस्तकात तो डॉक्टर होता, दुसऱ्यात पोलीसच, तिसऱ्यात तिचा मेहुणा. प्रत्येक लेखक छातीठोकपणे सांगायचा की कोडं सुटलं, आणि आधीच्या सगळ्यांना वेड्यात काढायचा. सुईबाई सगळी वाचायची. एकटीच्या दुपारी फार लांब असतात. "पाच पुस्तकं, पाच खुनी," ती म्हणायची, "मेली मात्र बिचारी एकदाच."

सुईबाई हे तिचं लॉन्ड्रीतलं नाव. तीस वर्षं तिने तिथे कपड्यांवर खुणा घातल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नंबर असे. कॉलरच्या आतून लाल दोऱ्याने तो शिवला की शंभर पांढऱ्या शर्टांतून ज्याचा त्याला बरोबर मिळे. लग्न राहून गेलं. आधी आई अंथरुणाला खिळलेली, नंतर कुणी विचारलं नाही. मग लॉन्ड्री बंद पडली, बरोबरच्या बायका एकेक करत गेल्या. आता तिला सुईबाई म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. कधीमधी ती स्वतःच स्वतःला म्हणे, "ऊठ सुईबाई, चहा टाक."

पान दोनशे बारावर तिचा चहा तसाच राहिला.

लेखकाला पोलिसांच्या जुन्या कागदांत एक नोंद सापडली होती. मुलीच्या मुठीत कॉलरचा फाटका तुकडा होता आणि त्यावर लाल दोऱ्यात सत्तेचाळीसचा आकडा. पोलीस तेव्हा लॉन्ड्रीत आले होते, हे तिला आठवत होतं. मालकांनी "असली खूण आमची नाही" म्हणून त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. कशाची खूण, ते तिला आज कळत होतं. आणि आता लेखकाला रद्दीच्या दुकानात लॉन्ड्रीची वही मिळाली होती. पानाचा फोटोच छापला होता. सत्तेचाळीस : व्हायोलिन मास्तर. अक्षर तिचं.

मास्तरांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

मास्तर खुनाच्या वर्षभर आधीच लॉन्ड्रीत यायचे थांबले होते. गिऱ्हाईक तुटलं की वहीतलं नाव खोडायचं आणि नंबर दुसऱ्याला द्यायचा, असा नियम. तिने नाव खोडलं नाही. येतील परत, असं वाटायचं. का वाटायचं, ते तिने स्वतःलाही कधी विचारलं नाही. "जरा सांभाळून हं, कॉलर जुनी झालीय, मालकासारखीच," असं शर्ट देताना म्हणायचे, एवढंच काय ते. नंबर त्यांच्यासाठी राहावा म्हणून तो तिने कुणाच्या नावावर चढवलाच नाही. एक-दोन दिवसांपुरतं कुणी आलं, प्रवासी, कुणाकडचा पाहुणा, की त्याच्या शर्टावर सत्तेचाळीस घालून मोकळी व्हायची. वर्षभरात असे किती झाले, देव जाणे.

शनिवारी लेखक पुस्तकाच्या दुकानात सह्या द्यायला येणार होता. ती चांगली साडी नेसून गेली. गर्दी ओसरेपर्यंत थांबली आणि मग सगळं सांगितलं.

लेखक चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने तिला खुर्ची दिली. "पण आजी, मास्तरांच्या जुन्या शर्टांवर खूण राहिलीच असेल ना?"

"राहिली असेल."

"म्हणजे तो शर्ट त्यांचा असू शकतो."

"असू शकतो. आणखी दहा जणांचाही असू शकतो."

लेखक पुढे सरकला. त्याचे डोळे चमकले. "त्या आठवड्यात कुणाकुणाला दिला होता सत्तेचाळीस? एखादं तरी नाव आठवत असेल."

एक आठवत होतं. समोरच्या लॉजमध्ये उतरलेला कंत्राटदार. शर्ट घेताना त्याने तिचं मनगट धरलं होतं आणि ती सोडवत असताना हसत राहिला होता. चाळीस वर्षांत ती पकड सुईबाई विसरली नव्हती. नाव अगदी जिभेवर आलं. कंत्राटदारही मेला होता, आणि वाईट होता.

पण वाईट होता म्हणजे त्याने खून केला असं नव्हे.

"एक नाव द्या, आजी," लेखक हळूच म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत मास्तरांना बाजूला करतो."

"आणि त्यांच्या जागी दुसऱ्याला बसवता?"

"पुस्तकाला शेवट लागतो हो."

"खुनाला कुठे लागलाय?" ती उठली. "माहीत नाही, एवढंच छापा. शर्ट कुणाचा होता ते लॉन्ड्रीतल्या बाईलाही माहीत नाही."

लेखक हसला आणि त्याने वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मास्तरांची मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची. पन्नाशीची, एकटीच राहणारी. तिला सगळं सांगावं म्हणून सुईबाई तिथे गेली. दाराशी दोन बायका उभ्या होत्या. एक दुसरीला कोपराने ढोसत म्हणाली, "तीच गं ती, त्याची मुलगी." मुलगी मान खाली घालून काचा पुसत होती.

"काय हवंय?" तिने कोरडेपणाने विचारलं.

सुईबाईने चष्मा काढून पुढे केला. मुलीने त्याचा स्क्रू घट्ट करून दिला आणि सुईबाई घरी परतली.

चार महिन्यांनी दुसरी आवृत्ती आली. मास्तर होते तिथेच होते. शेवटी दोन परिच्छेद नवे होते. 'लॉन्ड्रीतली वृद्ध बाई प्रश्न विचारताच गडबडली. मास्तरांवर तिचा जीव होता, हे स्पष्ट दिसत होतं. कुणाला वाचवण्यासाठी ती चाळीस वर्षं गप्प राहिली?'

जे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं, ते आता तीन हजार प्रतींत छापून आलं होतं.

"काय हो, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात!" खालची शेजारीण जिन्यात म्हणाली. ग्रंथालयातल्या बाई बोलल्या काहीच नाहीत, पण शिक्का मारताना त्यांनी वर पाहिलं नाही. ते जास्त लागलं. सुईबाईने ग्रंथालयात जाणं सोडलं.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. दारात मास्तरांची मुलगी.

"पुस्तकातल्या त्या तुम्हीच ना? चष्मा घेऊन आला होतात."

"हो. सांगायला आले होते. जमलं नाही."

मुलगी आत येऊन बसली. सुईबाईने वही, नंबर, न खोडलेलं नाव, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "माझ्यामुळे झालं. आणि तुझे वडील त्यातले नव्हते, असं शपथेवर सांगावं तर तेही येत नाही मला. मला खरंच माहीत नाही गं."

"मला माहीत आहे. बाबा त्या रात्री घरी होते, मला ताप होता. पण मी पडले मुलगी, माझं कोण खरं मानणार? त्या लेखकाने मला विचारलंसुद्धा नाही." तिने खुर्ची जवळ ओढली. "बाबांचं काहीच बिनसलं नव्हतं तुमच्याशी. मी इस्त्री शिकले होते. म्हटलं, आता बाहेर कशाला द्यायचे शर्ट? पहिलाच शर्ट मी जाळला, तर तोच घालून गेले कार्यक्रमाला."

सुईबाई हसली. किती वर्षं तिला वाटत होतं, आपलंच काहीतरी बोलणं त्यांना लागलं असेल.

"लोक बघतात ना तुमच्याकडे?" मुलीने विचारलं.

"बघतात."

"सवय होते. नाही, खोटं कशाला बोलू, होत नाही. दुसरं पुस्तक आलं की मग दुसऱ्याकडे बघायला लागतात." ती उठली. "दूध आणायचंय मला. येता खाली? तेवढंच चालणं होईल."

दोघी निघाल्या. ऊन कलतं होतं. पुस्तकाचं दुकान आलं की मी आधीच रस्ता ओलांडते, मुलगी चालता चालता म्हणाली, पहिल्या दिवसापासून. दुकान जवळ आलं. काचेत त्याच पुस्तकाच्या प्रतींचा मनोरा रचला होता आणि दारात चार माणसं बोलत उभी होती. त्यांतल्या एकाने बोलणं थांबवलं.

मुलीचा पाय फुटपाथच्या कडेशी अडला. सुईबाईने तिचा हात धरला नाही, फक्त पदर सारखा केला आणि म्हणाली, "सावली या बाजूला आहे."

दोघी त्या चौघांच्या समोरून गेल्या, म्हाताऱ्या बाईच्या चालीने, अगदी सावकाश.