सासऱ्यांचं रोप जगायलाच हवं

आमच्या सासऱ्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं आणि माझ्या मागे साडेसाती लागली. घरात उघडता येईल ते सगळं त्यांनी उघडलं. मिक्सर, इस्त्री, दाराचं कुलूप. पुन्हा जोडल्यावर एखादा स्क्रू हमखास उरायचा आणि तो माझ्यापुढे धरून विचारायचे, "सूनबाई, हा कुठला गं?"

तेवढ्यात वस्तीतल्या लोकांनी उजाड बागेत झाडं लावायचं ठरवलं. पुढाकार दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांचा नियम कडक होता: प्रत्येक घराला एक रोप, त्याला रोज सकाळी पाणी घालायचं, आणि रोप मेलं तर जागा दुसऱ्या घराला. मी लगेच सासऱ्यांचं नाव दिलं. समाजसेवा वगैरे काही नाही हो, मला सकाळी स्वयंपाकघर माझं हवं होतं.

आणि मिळालं! सासरे झारी घेऊन निघायचे ते उन्हं चढल्यावर परत. मी रेडिओ लावून, पाय पसरून चहा प्यायचे.

पण सुख फार दिवस टिकेल तर शपथ. भाजी आणताना बागेत डोकावले, तर आमच्या करंजाच्या रोपाने मान टाकलेली. बाकीची सगळी टवटवीत. रोप गेलं तर सासरे घरी! तडक रोपवाटिकेतून तेवढंच दुसरं आणलं आणि कोणी नाही असं बघून गुपचूप बदललं. तेही वाळलं. तिसऱ्याचं तेच झालं, तेव्हा माझं डोकं फिरलं. नक्की कुणीतरी आमच्यावर जळतंय! आणखी एक रोप लावलं आणि सकाळी सासऱ्यांच्या आधी जाऊन पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले.

चोर सापडला. सासरे आले, मांडी घालून बसले, हलक्या हाताने माती उकरली, रोप अलगद बाहेर काढलं, डोळ्याला दुकानातलं भिंग लावलं आणि मुळं निरखू लागले.

"बाबा! अहो, हे काय चालवलंय?"

ते जराही दचकले नाहीत. "आतलं चालू आहे का ते बघतोय. उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"रोज उघडता?"

"रोज."

"अहो, त्यानेच मरतात ती! मी किती वेळा बदलली..."

"माहीत आहे. मुळं बघणाऱ्याला कळणार नाही होय? पण तू एवढी लपूनछपून खटपट करत होतीस. म्हटलं, पोरीची हौस आहे, कशाला मोडा."

"कसली हौस! मला एवढंच हवं होतं की तुम्ही..." मी जीभ चावली.

"घराबाहेर राहावं," त्यांनीच पुरं केलं. आवाजात राग नव्हता. "ते मला पहिल्या दिवशीच कळलं. म्हणून तर येतो. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही. पाणी घालून लगेच होतं. पुढे काय करायचं? म्हणून उकरतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचाच राग आला आणि तो मी सवयीने त्यांच्यावर काढला.

"आधी ते रोप मातीत ठेवा, जीव जाईल त्याचा! आणि उद्यापासून तुम्ही घरी बसायचं. पाणी मी घालेन."

"आणि तुझा निवांतपणा?"

"तो इथेच घेईन. इथे मला कुणी सूनबाई म्हणून हाक मारणार नाही."

ते खो खो हसले. आम्ही दोघांनी मिळून माती चेपली.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत झारी घेऊन गेले. पाणी घातलं, बाकावर बसले. बोलायला कोणी नाही, करायला काही नाही. मूळ धरलं असेल का, बघावं का जरा, असं वाटून हात मातीकडे गेलासुद्धा. तेव्हा कळलं, हा माणूस माझ्यासाठी रोज इथे कसा वेळ काढत होता ते. तशीच उठले, घरी गेले आणि दारातूनच म्हटलं, "बाबा, चपला घाला बघू. मला एकटीला करमत नाही तिथे."