तेलाचे हात

आमच्या घरात अम्माच्या नावाने जेवढ्या हाका पडायच्या, तेवढ्या कुंभकोणमच्या देवळांत देवाच्या नावानेही पडत नसतील. "वडिवु, दुकानात कॉफी पाठव." "वडिवु, माझं औषध कुठे ठेवलंस?" "अम्मा, माझी रिबन!" पुढे अप्पांचं भांड्यांचं दुकान, मागे आम्ही. अप्पा, त्यांची थोरली बहीण म्हणजे आमची अत्तै, अक्का, मी आणि कायम कोणीतरी पाहुणे. एका हाकेला ओ देईपर्यंत अम्मा दुसरीकडे निघालेली असायची. तिच्याशी धड बोलायचं तर तिच्या मागून चालत बोलावं लागे.

फक्त तेलाच्या दिवशी ती जागची हलत नसे. शुक्रवार आम्हा मुलींचा, शनिवार अप्पांचा. तिळाच्या तेलात मिरे-जिरं तडतडवून ती परसात विहिरीजवळ पाट मांडायची. एकदा हात तेलात बुडाले की आतून कोणी कितीही ओरडो, ती बसल्या जागेवरून सांगायची, "माझे हात तेलाचे आहेत!" या वाक्यापुढे अत्तैचंही काही चालत नसे. तेलाच्या हातातून भांडं निसटतं, डबा उघडत नाही, कपड्यांना डाग पडतात. तेवढा वेळ ज्याचं डोकं, त्याचीच अम्मा. शाळेतल्या शिक्षा, फुटलेल्या बरण्या, सगळं आम्ही तिथेच कबूल केलं. समोर तोंड दिसत नसलं की सांगायला सोपं जातं.

मी पाचवीत होते तेव्हा अक्काला सिंगापूरचं स्थळ आलं. अक्का म्हणजे शेणबगम. ती गणित घेऊन कॉलेजात शिकत होती आणि शेवटचं वर्ष राहिलं होतं. मुलाला सुट्टी थोडी, म्हणजे पसंती झाली की लगेच लग्न आणि लगेच विमान. अक्काला आधी परीक्षा द्यायची होती. हे तिने अंथरुणात रडत मला सांगितलं. मला सांगून काय उपयोग? अप्पांपुढे बोलायची तिची छाती नव्हती, म्हणून ती अम्माच्या मागे मागे हिंडत होती. पण "अम्मा, मला ना..." एवढं झालं की आतून हाक यायचीच. मला अत्तैचा इतका राग यायचा की तिचं औषध विहिरीत टाकावंसं वाटे.

मंडळी यायची होती ती नेमकी शुक्रवारी. सकाळपासून घरात नुसती रणधुमाळी. सोज्जीसाठी रवा भाजायचा, बज्जीसाठी कच्ची केळी चिरायची, चांदीचे पेले सापडत नव्हते, आणि अम्माच्या नावाचा अखंड गजर. त्या सगळ्या गडबडीत अम्माने चुलीवर तेल ठेवलं.

"आज?" अत्तै किंचाळली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माणसं दारात येतील आता!"

"शुक्रवार आहे," अम्मा म्हणाली. "शेणबगम, पाटावर बस."

शिकेकाईचं भांडं धरून मी शेजारी उभी राहिले. अम्माने टाळूवर तेल ओतलं, बोटं केसांत घातली आणि म्हणाली, "कधीची माझ्या पायात पायात येतेयस. बोल. काय आहे?"

अक्काने सगळं एका दमात सांगून टाकलं आणि मग रडायला लागली.

"वडिवु, रवा करपतोय!"

"माझे हात तेलाचे आहेत!"

"अगं, दूध उतू गेलं!"

"हात तेलाचे आहेत म्हटलं ना!"

रवा खरंच करपला, त्याचा वास परसापर्यंत आला. अम्माची बोटं थांबली नाहीत.

"आधी का नाही बोललीस गं?"

"तू थांबतेस कुठे, अम्मा?"

अम्माने हातावर आणखी थोडं तेल घेतलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. कपाळावर हात मारत अत्तै धावत आली आणि नवऱ्यामुलीच्या केसांतून तेल ठिबकतंय हे बघून मटकन पायरीवरच बसली. अम्मा उठली आणि हात न पुसता तशीच पुढच्या खोलीत गेली. मी दाराआड उभी राहिले. मुलगा, त्याचे आईवडील आणि कौतुकाने फुललेले अप्पा तिथे बसले होते. अम्माने हात जोडले. तेलाचे ओघळ कोपरापर्यंत आले होते.

"मुलीचं एक वर्ष शिक्षण राहिलंय," ती म्हणाली. "ते झाल्यावर तुम्हाला वाटलं तर जरूर या. आज मी तिला बाहेर आणणार नाही. खाऊन मात्र जा."

जोडलेले हात तिने शेवटपर्यंत सोडले नाहीत.

खायला कोण थांबतंय? "भांडीवाल्यांचं घर, नुसता खणखणाट," असं म्हणत मुलाची आई उठली. मुलाने तेवढ्यात एक बज्जी उचलली. तो बरा होता बिचारा.

अप्पा अम्माशी बोलेनासे झाले. "तुझ्या अम्माला सांग, कॉफी हवी," असा निरोप माझ्यामार्फत जायचा. दुसऱ्या दिवशी शनिवार. त्यांनी आपलं आपणच तेल थापलं, ते डोळ्यांत गेलं आणि दिवसभर लाल डोळ्यांनी दुकानात बसले. पुढच्या शनिवारी मात्र काही न बोलता पाटावर येऊन बसले. अम्माने तेल कोमट केलं. बराच वेळ ती चोळत होती. मग विहिरीकडे बघत अप्पा म्हणाले, "कॉलेज कधी उघडतंय तिचं?"

"सोमवारी."

"हं. कानामागे राहिलंय."

अक्का पुढे त्रिचीला गणिताची शिक्षिका झाली. लग्न तिने सावकाश, आपल्या मनाने केलं. अप्पा गेल्यापासून अम्मा तिच्याकडेच असते. मी चेन्नईत. अत्तै गेली त्याला वर्षं झाली, पण तिची गादी माझ्या घरात फोन चालवतो. ऑफिस, मुलांची शाळा, सासरची मंडळी, सगळ्यांच्या हाका त्यातूनच येतात. परसातल्या त्या शुक्रवारांची मला फार आठवण येते.

मागच्या महिन्यात त्रिचीला गेले, तोही शुक्रवार होता. अम्माचे पांढरे केस विंचरताना एकदम मनात आलं, हिने आम्हा सगळ्यांची डोकी चोळली, हिचं कोणी चोळलं? ती आपली उभ्या उभ्या टाळूवर तेल थापायची आणि तशीच चुलीकडे पळायची. मला फार वाईट वाटलं. मी तेल गरम केलं, मिरे-जिरं टाकलं आणि तिला स्टुलावर बसवलं. पाटावर बसणं तिला आता जमत नाही.

बोटं केसांत घातली आणि आत माझा फोन वाजायला लागला. अम्मा लगेच उठायला लागली.

"बघ गं, कोणीतरी बोलावतंय."

"माझे हात तेलाचे आहेत," मी म्हणाले. "बोल. काय आहे?"

"मला मेलीला काय असणार?" ती हसली. फोन थांबला, पुन्हा वाजू लागला.

"त्या दिवशी पाहुण्यांपुढे गेले ना," अम्मा हळूच म्हणाली, "तेव्हा हात थरथरत होते माझे. म्हणून जोडलेले सोडलेच नाहीत. कोणाला कळलं नाही ना?"

"नाही, अम्मा. कोणालाच नाही," मी म्हणाले आणि हातावर आणखी तेल घेतलं.