पान तीन, घर एकशे अठरा

पट्टीवाले निवृत्त झाले आणि पहिल्याच पंधरवड्यात त्यांनी घरातली सगळी चित्रं सरळ टांगून घेतली. आता ती वाकडी होती का, तर अजिबात नव्हती. पण ज्या माणसानं नगररचना कार्यालयात चौतीस वर्षं बसून रस्त्यांचे नकाशे काढले, त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली तर त्याला जग तिरकं दिसणारच. पट्टीवाले हे नावही ऑफिसनंच ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की निरोपाच्या दिवशी साहेबांनाही खरं नाव फायलीत बघून घ्यावं लागलं.

लेक इस्पितळात नर्स होती. दमूनभागून घरी आली की बाबांनी काहीतरी सरळ केलेलं असायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तिचं कपाट उपसलं आणि सगळं उंचीप्रमाणे लावून ठेवलं, तेव्हा मात्र तिनं हात टेकले. आपला लॅपटॉप आणून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हा खेळ आहे. ह्यात अख्खं शहर वसवायचं असतं. जे सरळ करायचं ते ह्याच्यात करा."

"मी काय लहान आहे का खेळायला?" पट्टीवाले म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

पहिलं शहर त्यांनी शिस्तीत वसवलं. आधी नदीकाठचे उंचसखल भाग वहीत उतरवून घेतले. मग सांडपाण्याच्या वाहिन्या, मग पाण्याच्या, मग रस्ते, चौक, पदपथ. एक रेघ इकडची तिकडे नाही. आणि मग हाताची घडी घालून वाट बघत बसले. खेळातली पाच वर्षं उलटली, तिजोरीत खडखडाट झाला, पण शहरात चिटपाखरू फिरकेना.

लेकीनं येऊन बघितलं. "माणसं कुठंयत?"

"येतील की. सोय तर सगळी करून ठेवलीय."

"अहो, घरांसाठी जागा हिरवी रंगवायची असते. ती रंगवलीच नाहीत तुम्ही. राहतील कुठं, गटारात?"

पट्टीवाल्यांनी कपाळावर हात मारला. चौतीस वर्षांत घरांसाठी जागा ठेवायचं काम त्यांच्याकडे कधी आलंच नव्हतं. ते दुसऱ्या टेबलाचं काम.

दुसऱ्या शहरात माणसं आली आणि पट्टीवाल्यांना खेळानं पार वेड लावलं. इतकं की दूध उतू जायला लागलं. कारण सांगतो. ऑफिसच्या नकाशात घर म्हणजे एक चौकोन आणि आत एक आकडा. इथं चौकोनाला छप्पर होतं, आणि त्यावर टिचकी मारली की आत कोण राहतं ते दिसायचं. कुठल्याही माणसावर टिचकी मारा, तो कुठून निघाला, कुठं चाललाय, सगळं कळायचं. एका बेकरीवाल्याच्या मागं पट्टीवाले अर्धा तास गेले. बिचारा कामावरून सुटून घरी निघाला होता आणि चौकात असा अडकला की त्याचं घर समोर दिसत होतं, पण पोचता येत नव्हतं. पट्टीवाल्यांना त्याची फार दया आली. चौक त्यांनीच आखला होता.

वैतागही काही कमी नव्हता. तीन पदरी रस्ता करून द्या, सगळ्या लॉऱ्या एकाच पदरात शेपूट लावून उभ्या. कचऱ्याची गाडी कचऱ्यात अडकलेली, बंबवाले आग बघत थांबलेले. एक चौक सोडवावा तर पुढचा तुंबायचा. लोक घरांवर तोंड पाडलेले फुगे लटकवायचे: आवाज फार, पाणी नाही, धूर. "ऑफिसात निदान शिव्या साहेब खायचे," पट्टीवाले लेकीला म्हणाले, "इथं साहेबही मीच." पण सकाळी चहाचा कप ठेवला की हात पुन्हा तिकडंच.

तिसरं शहर त्यांनी मनानं काढलं नाही. पुलापलीकडची जुनी वस्ती काढली. तिचा इंच न् इंच त्यांना पाठ होता, कारण बावीस वर्षांपूर्वी ती त्यांनीच टेप धरून मोजली होती. पूल, त्याला लागून चार गल्ल्या, मग शाळा, मग बाजार. आणि दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी घर नंबर एकशे अठरा, अंगणात लिंबाचं झाड. खेळात घराला नाव देता यायचं. पट्टीवाल्यांनी तिथं लिहिलं, 'ताईचं घर'.

हे घर आता नाही. पुलावरून बाजारात जाणारा मोठा रस्ता त्याच्यावरून गेलाय आणि त्या रस्त्याची रेघ पट्टीवाल्यांच्या हातची आहे. थोरल्या बहिणीला हे कळलं ते दारावर चिकटवलेल्या नोटिशीवरून. त्यानंतर वर्षभर ती धाकट्या भावाशी बोलली नाही. मग एक दिवस पट्टीवाले तिच्या नव्या दोन खोल्यांचे तीन जिने चढून गेले आणि म्हणाले, "ताई, दुसरा मार्गच नव्हता गं. असता तर मी काढला नसता का?" ताईनं बराच वेळ त्यांच्याकडं बघितलं. "नसेल," म्हणाली, आणि आत चहा टाकायला गेली.

त्या एका 'नसेल'वर बहीणभावाचं नातं आजवर तगलं होतं. तगलं होतं म्हणजे काय, तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई यायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची, पिशवी मांडीवरच ठेवायची. भाचीची विचारपूस करायची, चहा घ्यायची, अर्ध्या तासात उठायची. भावाला मात्र ती कधी काही विचारायची नाही. कसा आहेस, एवढंसुद्धा नाही. पट्टीवाले त्यातच समाधान मानायचे. अर्धा तास तर अर्धा तास.

आता खेळातली वस्ती भरली आणि जे खऱ्या वस्तीत झालं होतं तेच तिथं झालं. पुलाजवळ गाड्या तुंबल्या, रस्ते लालभडक झाले. मोठा रस्ता काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पट्टीवाल्यांनी पुलापासून रेघ ओढायला घेतली. ती जुन्या सवयीनं बरोब्बर जुन्याच वाटेनं गेली आणि ताईचं घर लाल झालं. खाली प्रश्न आला: पाडायचं? हो की नाही?

त्यांच्याच्यानं 'हो' दाबवेना. ऑफिसात असं कुणी विचारलं नव्हतं.

मग आठ दिवस ते झटले. रेघ डावीकडून नेली, उजवीकडून नेली, वर उचलून उड्डाणपूल केला. काहीही केलं तरी एक तर ताईचं घर जायचं, नाहीतर पूल तुंबायचा. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक फसलेल्या रेघेला त्यांचा जीव भांड्यात पडत होता. बघा, नव्हताच दुसरा मार्ग.

नवव्या दिवशी लेकीला सुट्टी होती. ती खुर्चीमागं उभी राहून सफरचंद खात बघत होती. "बाबा, तुम्ही दर वेळी पुलाकडूनच का सुरू करता?"

"पान एक पुलाकडून सुरू होतं," पट्टीवाले म्हणाले. मोठ्या रस्त्याचा नकाशा एका कागदावर मावत नाही, त्याची पानं करतात. पान एक पूल, पान चार बाजार. पहिलं पान पक्कं झालं की त्याच्या कडेपासून दुसरं, दुसऱ्याच्या कडेपासून तिसरं. मागं फिरायचं नाही, असा ऑफिसचा शिरस्ता.

"पण इथं पानं कुठंयत?" लेक म्हणाली, आणि सफरचंदाचा गाभा टाकायला आत गेली.

मग पट्टीवाल्यांनी बाजाराकडून सुरुवात केली. रेघ शाळेच्या मैदानामागून आली, नदीकाठानं वळली आणि पुलाला तिरकी जाऊन भिडली. वाटेत एकच लहानसं घर लाल झालं. त्यांनी 'हो' दाबलं. पाहता पाहता लाल रस्ते हिरवे झाले. ताईच्या घरावर लिंबाच्या झाडासकट ऊन पडलं होतं.

आनंद व्हायला हवा होता. पण पट्टीवाल्यांनी लॅपटॉप मिटून टाकला.

खेळ तो खेळ, खऱ्या जमिनीवर असं थोडंच असतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण समजूत पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी टेप खिशात घालून ते बस पकडून तिथं गेले. शाळेमागची मोकळी पट्टी अजून तशीच होती. नदीच्या भिंतीपासून मैदानाच्या कुंपणापर्यंत त्यांनी मोजलं. अठरा मीटर. रस्त्याला पंधरा लागत होते. मध्ये एक पत्र्याची खोली आडवी येत होती, दोरीवर कपडे वाळत होते. 'अडथळा, चार मीटर', अशी त्यांनी वहीत नोंद केली.

म्हणजे मार्ग होता. त्यांनी शोधला नव्हता. इतकी वर्षं आपण ताईला खोटं सांगत आलो, आणि ताईनं त्याच खोट्यावर आपल्याशी बोलणं ठेवलं. आता हे सांगितलं तर तो अर्धा तासही जाणार. नाही सांगितलं तर दर महिन्याला तिच्यासमोर चहाचा कप धरायचा कसा? ह्या वयात ताई दुरावली तर लहानपणच्या नावानं बाळ्या म्हणणारं जगात कुणी उरणार नव्हतं.

पहिला रविवार आला. ताई दाराजवळच्या खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर. लेक आत चहा करत होती.

"ताई, जरा इकडं ये. काहीतरी दाखवायचंय," पट्टीवाले म्हणाले.

ती उठली, पिशवी घेऊनच. लॅपटॉपच्या पडद्याजवळ वाकली. तिनं पूल ओळखला, गल्ली ओळखली, मग घर. तिचं बोट झाडापाशी थांबलं.

"रस्ता इकडून काढता आला असता," पट्टीवाले एका दमात म्हणाले. "मी जाऊन मोजून आलो. जागा होती. पुलाकडून सुरू केलं म्हणून पान तीनला तुझं घर आलं. बाजाराकडून बघितलं असतं तर नसतं आलं. मी बघितलंच नाही. दुसरा मार्ग नव्हता म्हणालो ते खोटं होतं, ताई."

ताईचं बोट सावकाश नव्या रस्त्यावरून फिरत शाळेमागं आलं. "आणि इथं कुणाचं गेलं?"

"एकच घर होतं. लहान."

"कुणाचं ते विचारतेय."

पट्टीवाल्यांनी एवढ्या माणसांवर टिचक्या मारल्या होत्या, पण ह्या घरावर मारायचं सुचलंच नव्हतं.

"शाळेच्या शिपायाची खोली होती तिथं," ताई म्हणाली. "पत्र्याची. माझ्या शेजारणीचा भाऊ तो. म्हणजे माझ्याऐवजी तो गेला असता." ती सरळ झाली. "बाळ्या, रेघ कुठून गेली ह्याचा राग मला कधी नव्हता रे. कुणाच्या तरी घरावरून जाणारच होती ती."

"मग?"

"नोटीस लागायच्या आधी चार गुरुवार तू माझ्याकडं जेवायला येत होतास."

ते खरं होतं. दर गुरुवारी मोजणीच्या कामावर त्या भागात जायचं, दुपारी ताईकडं जेवायचं. पान तीन त्या चारांतल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्याच दिवशी, बुधवारी, पुरं झालं होतं. सही होईपर्यंत तोंडाला कुलूप, हा नियम होता. तो त्यांनी चार गुरुवार पाळला होता, ताईच्या ताटावर बसून.

"पहिल्या गुरुवारी तू विचारलंस, आज गप्प का," पट्टीवाले म्हणाले. त्यांना ते आत्ता लख्ख आठवत होतं. "मी म्हटलं, डोकं दुखतंय."

"मी गोळी दिली तुला."

"घेतली मी ती. डोकं दुखत नव्हतं."

"पाणी आणायला मी आत गेले होते," ताई म्हणाली. "वाटलं, परत आले की सांगशील." "नोटीस वाचली तेव्हा मला घर नाही रे आठवलं. ती गोळी आठवली."

पट्टीवाल्यांनी मान खाली घातली. नियम होता, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "चुकलो ताई," ते म्हणाले. "तुला सांगायला हवं होतं. रस्ता कुठूनही गेला असता तरी सांगायला हवं होतं."

लेक चहा घेऊन आली आणि दोघांकडं बघून दारातच थांबली. ताईनं पदरानं डोळे पुसले. मग टेबलाजवळची दुसरी खुर्ची ओढून घेतली, बसली आणि पिशवी खाली ठेवली.

"कसा आहेस?" तिनं विचारलं.