वाऱ्याची जागा

मी ऑइल कूलर बोलतोय. कूलर म्हटलं की तुम्हाला खिडकीत बसवलेला, वाळ्याचा वास येणारा पत्र्याचा डबा आठवेल. तो मी नव्हे. तो माणसांना गार करतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. मी तेल गार करतो, त्यामुळे मला कुणी ओळखत नाही. ट्रकच्या तोंडावरच्या जाळीमागे आणि रेडिएटरच्या पुढे माझी जागा. बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या पट्ट्या, एवढाच माझा देह. इंजिनातलं तापलेलं तेल एका नळीने माझ्यात येतं, समोरचा वारा माझ्या अंगातून आरपार जातो, आणि निवलेलं तेल दुसऱ्या नळीने परत इंजिनात जातं.

थकलो आहे मी आता. खालच्या जोडातून तेल पाझरतं, रोज सकाळी गाडीखाली एक काळा डाग दिसतो. जास्त बोलायचं त्राण नाही. पण माझ्यासमोर जे घडलं ते कुणाला तरी सांगावं असं फार दिवसांपासून वाटतंय.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते पहिलं काम, कालवा खोदणाऱ्या मशीनवरचं. ते मशीन मोडीत निघालं आणि मी परभणीच्या भंगार बाजारात येऊन पडलो. शेजारी कुणाचा वाकलेला सायलेन्सर, कुणाची फाटकी सीट. गिऱ्हाईकं यायची, मला उचलायची, उलटंपालटं करायची आणि परत टाकून द्यायची. विकत काही घ्यायचं नसताना हात लावून बघायची माणसांना भारी हौस असते.

एक दिवस एक पोरगेला तरुण आला. त्याने मला उचललं, माझ्या नळीला तोंड लावलं आणि जोरात फुंकर मारली. दुसऱ्या टोकाला हात धरून बघितला. मग स्वतःशीच हसला. हा सिद्धोधन. पेडगावच्या सटवाजीचा थोरला मुलगा.

सटवाजीची टोचनाची गाडी होती. म्हणजे रस्त्यात बंद पडलेले ट्रक साखळी लावून ओढून आणायचे, हा त्याचा धंदा. कधी मानवतहून निघालेला कापसाच्या गाठींचा ट्रक, कधी एक्सल तुटलेला उसाचा. स्वतःचं वजन ओढणं वेगळं आणि मागे लोंबणारं दुसऱ्याचं भरलेलं वजन ओढणं वेगळं. गाडी हळू चालते, इंजिन मात्र जीव तोडून काम करतं. तेल तापून पाण्यासारखं पातळ होतं आणि मग आतले भाग एकमेकांवर घासायला लागतात. सटवाजीने एकदा इंजिन पूर्ण खोलून बांधून घेतलं होतं. पुन्हा तशी वेळ आली तर गाडी विकण्यावाचून इलाज नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून सिद्धोधनने मला आणलं. घरासमोर लिंबाखाली बसून त्याने स्वतःच्या हाताने लोखंडाच्या दोन पट्ट्या वेल्डिंग करून बसवल्या आणि त्यांच्यावर मला चढवलं. वेल्डिंग काही फार सुबक नव्हतं. नवशिक्याने भाकरी थापावी तसे जाडेभरडे थर आले होते. पण बसलो ते घट्ट बसलो. माझ्या आणि जाळीच्या मध्ये त्याने मुद्दाम मोकळी जागा ठेवली. त्याची आई केशरबाई चहा घेऊन आली तेव्हा त्याने तिला माझ्यासमोर तळहात धरायला लावला आणि गाडी चालू केली. मागचा पंखा वारा ओढायला लागला तसा तिच्या बोटांमधून वारा माझ्यात शिरला.

"आई, याला खायला-प्यायला काई लागत न्हाई," तो म्हणाला. "निसता वारा पायजे."

केशरबाईला ते फार आवडलं. शेजारणीला सांगताना ती म्हणायची, आमच्या गाडीला लेकानं नाक बसवलंय.

ती वर्षं माझी सुखाची. काम कष्टाचं होतं, पण कष्टाला वारा होता. मानवतच्या जिनिंगकडे गेलो की हवेत उडणारा कापूस माझ्या फटींत भरायचा. घरी आल्यावर सिद्धोधन न विसरता मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार मारायचा. समोरून मारली तर घाण आणखी आत जाते, हे त्याने बापालाही सांगून ठेवलं होतं. सटवाजी हसायचा. म्हणायचा, माझ्यापेक्षा या जाळीचीच आंघोळ जास्त होते.

मी त्या काळात माणसं पुष्कळ बघितली. बंद पडलेल्या ट्रकभोवती जमलेल्यांतला प्रत्येक जण काय बिघडलंय ते छातीठोकपणे सांगतो, आणि साखळी ओढायची वेळ आली की चुना-तंबाखू मळायला लागतो. सटवाजी कुणाशी वाद घालत नसे. साखळी लावली की बॉनेटवर दोन थापा मारायचा आणि निघायचा.

मग सिद्धोधनला कावीळ झाली. सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही, त्यानेही नाही. परभणीला दवाखान्यात नेला तेव्हा पार उशीर झाला होता. गेला तो. मी लिंबाखाली उभ्या गाडीत होतो आणि घरातून केशरबाईचा आवाज येत होता. मला कान नाहीत, पण तो आवाज मला ऐकू आला, असं मी म्हटलं तर तुम्ही हसू नका.

वर्ष झालं तेव्हा घरासमोर मांडव घातला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. भंतेजी आले, वंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं मांडवात मांडी घालून बसली. त्याची धाकटी बहीण संघप्रिया पूर्णेला नोकरीला आहे, तिने फ्लेक्स छापून आणला होता. फोटो तिनेच निवडला. सिद्धोधन गाडीला टेकून उभा आहे आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसतोय.

कार्यक्रम झाला, मांडव सोडला. फ्लेक्स उरला. आता आपल्या गावाकडे फ्लेक्सचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नेत्यांचे, वाढदिवसांचे, उद्घाटनांचे, सगळे शेवटी कडब्याच्या गंजीवर नाहीतर गोठ्याच्या छपरावर जातात. गाडीवान लोक सीटखाली घालतात. पण पोटच्या पोराचं तोंड कडब्यावर कसं घालणार? जाळता येत नाही, फेकता येत नाही. फ्लेक्स घडी करून ठेवला तर केशरबाईला घडी बघवेना. सटवाजी दिवसभर तो हातात घेऊन हिंडला. संध्याकाळी त्याने चेहऱ्याचा भाग कापून वेगळा केला, लोखंडी चौकटीवर ताणला आणि गाडीच्या जाळीवर, अगदी माझ्यासमोर, तारेने करकचून बांधला.

म्हणाला, आता हा पुढं आणि मी मागं.

त्या दिवसापासून माझा वारा बंद झाला.

मला सटवाजीचा राग आला, हे मी लपवत नाही. आणि राग आल्याची लाजही वाटायची, कारण रोज सकाळी तो ओल्या फडक्याने त्या चेहऱ्यावरचे चिकटलेले किडे पुसायचा, इतक्या हलक्या हाताने, की जणू पोरगं झोपलंय आणि जागं व्हायला नको. ज्याने मला श्वास दिला त्याचंच तोंड माझ्या नाकावर आलं होतं. कडेच्या फटीतून जेवढा वारा शिरेल तेवढ्यावर मी तेल निववत राहिलो. ते निवेना. रेडिएटरही माझ्यामागे तळमळत होता. मागून पाण्याची धार मारणारं आता कुणी नव्हतं, तेव्हा कापूस आणि धूळ माझ्या अंगात घट्ट बसत गेली.

गाडी तापू लागली. ओझं नसताना कळायचं नाही, पण टोचन लागलं की तेलाच्या दाबाचा काटा खाली यायचा. सटवाजीने जाड तेल घालून बघितलं. फिल्टर बदलला, तेलाचा पंप बदलला, पाणी बदललं. मानवत रोडवरचा महारुद्र मिस्त्री बॉनेट उघडून तासन्‌तास आत डोकं घालायचा. त्याला कारण कळलेलं होतं. कडेच्या फटीतून मी बघत होतो ना. तो पुढे यायचा, फ्लेक्सच्या कडेला बोटं लावायचा, कडेने येणारा गरम श्वास अजमावायचा, आणि मग त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघून हात मागे घ्यायचा. सिद्धोधन त्याच्याच दुकानात वेल्डिंग शिकला होता. इतर ड्रायव्हरही चहाच्या टपरीवर आपसात बोलायचे. सटवाजी जवळ आला की विषय बदलायचा. बापाला तोंड उघडून कोण सांगणार, की तुझ्या पोराचा फोटो काढ?

त्यांना मी दोष देत नाही. पण माणसांच्या या भिडेपायी इंजिन आतून झिजत होतं आणि ते मला एकट्याला कळत होतं.

मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, मानवतहून गाठींचा भरलेला ट्रक ओढून आणायचं काम आलं. पेडगाव फाट्याजवळ चढ लागला आणि काटा तळाला गेला. उकळत्या तेलाने माझा खालचा जोड उकलला. गरम तेल बाहेर उडालं, फ्लेक्सच्या पाठीवर पसरलं. इंजिनातून खडखड आवाज आला तशी सटवाजीने गाडी बंद केली.

फाट्यापासून घर जवळ. केशरबाई पाण्याची कळशी घेऊन आली, महारुद्रही निरोप मिळाल्यावर मोटारसायकलवरून आला. त्याने इंजिनाला कान लावला, खाली वाकून बघितलं. अजून वाचलंय, म्हणाला, पण अशीच आणखी एक खेप झाली तर इंजिन जाम होईल. सटवाजीने विचारलं, आता काय बदलायचं राहिलं? महारुद्र हात पुसत राहिला. सटवाजी रस्त्याच्या कडेला मटकन बसला. म्हणाला, मग इकून टाकू. पोरगं गेलं, गाडी जाईल.

केशरबाई गाडीच्या तोंडासमोर उभी होती. उन्हाने भेगाळलेल्या फ्लेक्समधून तेल झिरपत होतं. सिद्धोधनच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा ओघळ आला होता. तिने पदर लावून तो पुसला, तो परत आला. मग तिने कडेच्या फटीत हात घातला. माझा चटका बसला असणार, पण तिने लगेच हात काढला नाही.

"हितं त्यानं वाऱ्याला जागा ठिवली होती," ती म्हणाली. "तुमी त्यालाच आडवं उभं केलंय."

सटवाजीने मान वर केली. महारुद्र दुसरीकडे बघू लागला.

"त्याला काढ म्हणतीस?" सटवाजीचा आवाज चिरकला. "माझ्या पोराला काढ म्हणतीस?"

"काढा न्हाई म्हणत," ती म्हणाली. "आत घ्या म्हणते. दोन उन्हाळे झाले, पोरगं उन्हात उभं हाय."

रस्त्यावरून एसटी गेली. मग सटवाजी उठला आणि पक्कड मागून घेतली. महारुद्र पुढे आला, तर त्याला हातानेच थांबवलं. एकेक तार त्याने स्वतः सोडली. गंजलेल्या होत्या, बोटांना लागलं, तरी थांबला नाही. चौकट निघाली आणि इतक्या दिवसांनी समोरचा रस्ता मला सबंध दिसला. उन्हाळी झळच होती ती, पण वारा होता.

सटवाजी मात्र रस्त्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या अंगात खच्चून भरलेला कापूस, मेलेले किडे, आणि खाली त्या दोन लोखंडी पट्ट्या, जाड्याभरड्या वेल्डिंगच्या. त्याने त्या थरांवरून अंगठा फिरवला. "हे बी त्याचंच की," एवढंच म्हणाला, आणि मग तो माझ्यावर डोकं टेकून रडला. मी अजून तापलेला होतो. मला गार होता आलं असतं तर त्या क्षणी मी झालो असतो.

नंतर त्याने केशरबाईच्या कळशीतलं पाणी घेतलं. जरा निवल्यावर, मागच्या बाजूने, बारीक धार.

सिद्धोधन आता केबिनमध्ये असतो, बापाच्या डाव्या हाताला, सावलीत. कपाळावरचा तेलाचा डाग काही पूर्ण निघाला नाही. केशरबाई म्हणते राहू दे, कामाचा डाग आहे. महारुद्रने माझा जोड सांधला, पण तो काही खरा नाही, आणि मलाही आता फार ओढवत नाही. येत्या कापसाच्या हंगामाआधी मला बदलायचं त्यांचं बोलणं झालंय. मी नाही म्हणणार नाही. खूप तेल निववलं, आता मीच निवावं म्हणतो.

फक्त सटवाजी, एक मागणं आहे. मला काढशील तेव्हा खुशाल भंगारात दे, पण खालच्या त्या दोन पट्ट्या काढू नकोस. महारुद्र म्हणेल, सुबक नव्या करून देतो. ऐकू नकोस. नवा कूलर त्यांच्यावरच बसव. आणि तो बसला की केशरबाईला बोलव, तिला त्याच्यासमोर तळहात धरायला सांग, आणि मग गाडी चालू कर.