दारावरचा माणूस

"आणि देवा, आपल्या लव्हेलकडे बघ," ऑर्विल प्रार्थना सांगताना माइकवर म्हणाला. "मनाच्या डॉक्टरकडे जायची पाळी आलीय बिचाऱ्यावर."

दाराशी पांढरे हातमोजे घालून उभ्या असलेल्या लव्हेलने दाराची कड धरली. मेम्फिसमधल्या या चर्चचं रविवारचं दार कित्येक वर्षं त्याच्याकडे होतं. आल्यागेल्याला जागा दाखवायची, प्रार्थनेच्या भरात कुणी कोसळलं तर सावरायचं. आज सगळी मंडळी त्यालाच सावरायला धावली. आयाबायांनी त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवून मोठमोठ्याने देवाला आळवलं. प्रेमानेच आळवलं, खोटं कशाला बोला. पण चारचौघांत कुणी अंगावरचे कपडे ओढून काढावेत, तसं त्याला झालं.

धाकटा भाऊ गेल्यापासून बस चालवताना लव्हेलचे हात थरथरायला लागले होते. एकदा तर पुलापाशी बस बाजूला घेऊन तो ढसाढसा रडला होता. पुरुषाने रडायचं नसतं, हे वडिलांनी त्याला लहानपणीच पट्ट्याने शिकवलेलं. तरी मनाचा हिय्या करून तो डॉक्टर ग्रीरबाईंकडे जायला लागला, आणि हळूहळू त्याला रात्रीची झोप येऊ लागली. हे त्याने एका ऑर्विललाच सांगितलं होतं, नदीवर गळ टाकून बसलेले असताना. बालपणचा दोस्त, आता चर्चचा कारभारी. माझ्या पोटात राहील, असं म्हणाला होता.

प्रार्थना संपल्यावर लव्हेलने त्याला गाडीपाशी गाठलं.

"तुला एकट्याला सांगितलं होतं रे मी."

"मग काय वाईट केलं? देवाच्याच कानावर घातलं ना?"

"देवाला माइक लागत नाही, ऑर्विल."

 ऑर्विल चाचरत म्हणाला, "पाद्रीसाहेब म्हणत होते, दाराचं काम काही दिवस दुसऱ्याला देऊ. तू जरा आराम कर." आणि त्याने हात पुढे केला.

लव्हेलने हातमोजे काढले, नीट घडी घातली आणि त्या हातावर ठेवले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वर कापणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी, त्यामुळे दोन शिव्या हासडायचीही सोय राहिली नाही.

बुधवारी तो ग्रीरबाईंकडे जाणारच नव्हता. त्यांच्या दारावरून गाडी पुढे नेली, वळवली, परत पुढे नेली. शेवटी आत गेला.

आठवडा कसा गेला, असं बाईंनी विचारलं. त्याने आपल्या उघड्या हातांकडे बघितलं.

"इथलं बाहेर जातं का?"

"नाही."

"तोही असंच म्हणाला होता."

 लव्हेल उठून दारापाशी गेला. दार बंदच होतं. तरी त्याने मूठ ओढून पाहिली, आणि मग येऊन खुर्चीत बसला.