काचेच्या अलीकडे

डाव्या बुटाला पॉलिशचा दुसरा हात चालू असताना दार वाजलं. "उघडंच आहे," म्हणत त्यांनी मान वर केली, तर दारात त्यांची मुलगी उभी.

आधी त्यांना नुसता आनंद झाला. मग लक्षात आलं की तिनं इथं असायलाच नको होतं. गेले बारा दिवस ती इतर दोघा अंतराळवीरांबरोबर सगळ्यांपासून वेगळी राहत होती. कुणाची सर्दी, कुणाचा खोकला यानात शिरू नये म्हणून घरच्यांनाही जाड काचेपलीकडूनच भेटू देत. रोज संध्याकाळी पाच वाजता ते पाहुण्यांच्या या इमारतीतून चालत जायचे आणि काचेच्या दोन बाजूंना बसून बापलेक फोनवर बोलायचे. उद्या सकाळी अकराला यान उडायचं होतं. आणि आज मध्ये काच नव्हती.

"काय झालं, मने?"

"मी जात नाहीये, बाबा."

ती पलंगाच्या कडेवर बसली. उजव्या कानाला चार दिवसांपासून दडा बसत होता. सुटायचा, पण वेळ लावायचा. यानातला दाब अचानक वरखाली झाला तर पडदा फाटू शकतो, तिनं सांगितलं. मग तिघांतला एक आडवा, आणि त्याचं ओझं उरलेल्या दोघांवर.

"डॉक्टरांच्या ध्यानात आलं?"

"नाही. त्यांच्या तपासणीत सगळं ठीक होतं. मीच सांगितलं."

बुटात घातलेला हात तसाच राहिला. चार वर्षं ही पोर सरावासाठी पाण्याखाली राहिली, गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसून ओकली, पुन्हा बसली. आई गेली तेव्हासुद्धा दोनच दिवस घरी थांबली होती.

"कुणी विचारलं नसताना? आपल्या तोंडानं?"

"हो."

"दोन दिवसांत बरा झाला असता कान."

"झाला असता कदाचित," ती म्हणाली. "नसताही झाला."

तिच्या जागी राखीव जाणार होता. प्रत्येकाच्या मागे असा एक राखीव सगळं शिकून तयार असे. आणि ती स्वतः जमिनीवरून यानाशी बोलणार होती. वर गेलेल्यांशी बोलायला एकच माणूस नेमलेला असतो. चार वर्षं बरोबर काढल्यामुळे त्या तिघांचं अर्धं वाक्य तिला पुरतं, म्हणून ती खुर्ची तिला दिली होती.

"म्हणजे टेलिफोन ऑपरेटर," ते बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

ती हसली. "तसंच समजा." मग उठली, त्यांच्या हाताला लागलेलं पॉलिश फडक्यानं पुसलं आणि सरावाला निघून गेली.

गावात त्यांना सगळे चंद्रराव म्हणत. बस डेपोतल्या दोस्तांनी ठेवलेलं नाव. चंद्राभोवती माणसांना राहण्यासाठी नवं ठाणं उभं राहिलं होतं आणि तिथं राहायला जाणाऱ्या पहिल्या तुकडीत आपली मुलगी आहे, ही गोष्ट त्यांची न्हाव्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सर्वांना सांगून झाली होती. काहींना तर दोनदा. ते सात वर्षांचे असताना माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला. शेजारच्यांच्या रेडिओवर बातमी ऐकून ते अंगणात धावले होते आणि ती दोन माणसं दिसतील म्हणून मान दुखेपर्यंत वर बघत राहिले होते. हा किस्सा मुलीला त्यांनी इतक्यांदा ऐकवला होता की पुढं पुढं तीच तो पुरा करायची.

आता गावाला काय सांगायचं?

त्यांनी आधी बहिणीला फोन लावला. तिला हुंदकाच आला. मग ती चिडली.

"अरे, पण गप्प बसायचं ना तिनं! कुणाला कळलं असतं?"

"गप्प काय बसायचं? तीन जिवांचा प्रश्न आहे तो."

शब्द इतक्या तडकाफडकी आले की ते स्वतःच चपापले. डेपोत चौतीस वर्षं त्यांनी ब्रेकचं काम केलं होतं. एकदा सुट्टीच्या तोंडावर खच्चून भरलेली गाडी त्यांनी फाटकातच अडवली. ब्रेकबद्दल शंका होती, नुसती शंका. उतरलेल्या पन्नास माणसांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. न सुटलेल्या गाडीला कुणी हार घालत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! फोन ठेवून त्यांनी उरलेला बूट हातात घेतला.

सकाळी मैदानात पहिली रांग अंतराळवीरांच्या घरच्यांसाठी होती. चंद्ररावांच्या खुर्चीवर एक बाई अंग चोरून बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. ती त्या राखीव अंतराळवीराची आई. शिवणकामाचं दुकान बंद करून पहाटेच्या गाडीनं आली होती. मुलगा आज जाणार, हे तिला कालच कळलं होतं.

"तुमच्या जागेवर बसवलंय मला," ती ओशाळून म्हणाली. "मुलीचं ऐकलं. फार वाईट झालं हो."

"वाईट कशानं? जागा तुमचीच आहे. मी इथं शेजारी खुर्ची ओढतो."

बाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चंद्ररावांना सगळं तोंडपाठ होतं. ते हळू आवाजात तिला पुढचं पुढचं सांगत गेले. आधी धूर दिसेल, गडगडाट मागून येईल, घाबरू नका. आता खालचा टप्पा सुटेल, ज्वाला विझल्यासारखी वाटेल, ते तसंच व्हायला हवं. आणि तसंच होत गेलं. यान बोटभर झालं, मग ठिपका, मग नुसतंच आकाश.

मग मैदानातल्या भोंग्यातून येणारा यानातल्यांचा आवाज तुटला.

"हेही व्हायलाच हवं का?" बाईनं विचारलं.

चंद्ररावांनी मागं वळून पाहिलं. मागच्या रांगेतले इंजिनियर उभे राहिले होते.

"यान, जमिनीवरून बोलतेय. ऐकू येतंय का?" भोंग्यातून बाईमाणसाचा आवाज आला. उत्तर नाही. पुन्हा तेच वाक्य, त्याच सुरात. तिसऱ्यांदाही तेच. मग, "तुमचं उत्तर येत नाहीये, पण माझं ऐकू येत असेल असं धरून बोलते. यान आम्हाला दिसतंय. वाट बरोबर आहे. सावकाश दुसऱ्या रेडिओवर या. मी इथंच आहे."

बाईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. मिनिटभर तो आवाज तसाच येत राहिला. ना घाई, ना कंप. एखादीनं शेजारच्या खोलीतून हाक मारावी तसा.

खरखर झाली. "ऐकू येतंय. तिघंही ठीक आहोत."

बाईच्या मुलाचा आवाज होता तो. सगळं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. बाई मात्र बसून होती, पिशवीत तोंड खुपसून. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"ही मुलगी कोण हो, बोलणारी? तिच्या आवाजावर माझा जीव थाऱ्यावर राहिला बघा."

चंद्ररावांनी तोंड उघडलं. सांगायचं ते ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात भोंगा पुन्हा बोलू लागला.

"थांबा," ते म्हणाले, "ती काहीतरी सांगतेय."

आणि खुर्ची थोडी वळवून ते ऐकत राहिले.