आचलच्या झोपेची कविता

“लेकराले कवितेवर झोपवू नको वो रूपाली. एकडाव सवय लागली, का मंग ते कविता तुई राह्यत नाई, तिची होते.”

शेजारच्या कौशल्याबाईंनी हे बजावलं तेव्हा आचल तीन महिन्यांची होती. रूपाली हसली होती. मराठीत एम.ए. केलेल्या बाईने आपली कविता लेकीला नाही तर कुणाला ऐकवायची?

आता आचल अकरा महिन्यांची. ती कविता कानावर पडल्याशिवाय डोळा मिटत नव्हती, आणि पडली की जागी राहत नव्हती.

आज वर्ध्याच्या वाचनालयात कविसंमेलन होतं. आधी दोन निमंत्रित कवी, मग ज्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या असतील ते. चिठ्ठी चारच्या आत टाकायची. लग्नानंतर रूपाली पहिल्यांदाच माइकसमोर उभी राहणार होती. आचलला सांभाळायला कौशल्याबाई येणार होत्या. पण निघताना त्या दाराशीच टेकल्या. “जरा गरगरल्यासारखं होते. तू हो पुढे, चिठ्ठी टाक. मी मागून आटोनं येतो.”

त्यांच्या कपाळावरचा घाम रूपालीने पाहिला होता. तरी ती आचलला घेऊन निघाली.

साडेपाच झाले. पहिल्या रांगेतली, पिशवी ठेवून धरलेली खुर्ची रिकामीच होती. तीनदा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. नवरा धनंजय ड्युटीवर, त्याचा तर लागतच नव्हता. उठून जावं का, असं मनात येतंय तोच सूत्रसंचालक अण्णाजींनी डब्यातून चिठ्ठी काढली, “सौ. रूपाली, बोरगाव मेघे!”

लेक कडेवर घेऊनच ती माइकपाशी गेली. तिच्याजवळ म्हणण्यासारखी एकच कविता होती.

“वाटेवर माझ्या दुपार सांडली,
सावली तिची मी पदरात बांधली...”

दुसरी ओळ संपायच्या आत आचलची मान तिच्या खांद्यावर कलली.

“ओ ताई, पोरगी तं झोपली!” मागून कुणीतरी ओरडलं. “आता आमचं काई खरं नाई!”

सभागृह खदखदून हसलं. रूपालीचे कान तापले. तेवढ्यात अण्णाजींनी हात वर केला. “हळू बोला ना बाप्पा! लेकरू झोपलं हाय. टाळ्या कोणी वाजवाच्या नाई, सांगून ठेवतो.”

रूपालीने आवाज खाली आणला. लोक ऐकायला पुढे वाकले. खुर्च्यांची करकर थांबली. मघाशी निमंत्रित कवींच्या वेळी मोबाईल चाळणारेही मान वर करून ऐकत होते. शेवटची ओळ तिने जवळजवळ कुजबुजत म्हटली. टाळी एकही पडली नाही. दोनशे हात नुसते वर गेले आणि तसेच राहिले.

रूपालीला भरून आलं. कौशल्याबाई म्हणत होत्या ते खरंच झालं होतं. कविता लेकीची झाली होती, आणि म्हणूनच आज तिला एवढं मोठं सभागृह मिळालं होतं. हे त्यांनी पाहायला हवं होतं. तिची नजर त्या रिकाम्या खुर्चीवर गेली.

ती माइकपासून हलली नाही.

“अजून एक सांगाचं हाय,” ती तशाच हळू आवाजात म्हणाली. “तुमच्यातलं कोणी आता बोरगाव मेघेकडे जाणार असन, नाई तं तिथं कोणाले फोन लावू शकत असन, तं आमच्या शेजारच्या कौशल्याबाईकडे पाहा जी. हिरवं फाटक हाय. आवाज दिला न् ओ नाई आली, तं थांबू नका, सरळ आत जा.”